फाटकापुढचे शंभर मीटर

दुपारी सव्वाबाराला पुण्यातल्या दोन सत्रांत भरणाऱ्या कुठल्याही शाळेच्या फाटकापुढे उभं राहावं. सकाळची मुलं सुटायला दहा मिनिटं असतात, दुपारची यायला लागलेली असतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना स्कूटरी, त्यांच्यापुढे स्कूटरींची दुसरी रांग, एक पाय जमिनीवर टेकवून मान उंच करून बघणारे आईबाप. बाहेरच्या हुकांना दप्तरं टांगलेल्या रिक्षा. कुणाची तरी व्हॅन मागे येतेय आणि क्लीनर काच थोपटत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतोय. एवढ्यात एक मोटार मधोमध थांबते, उजवीकडचं दार उघडतं आणि दुसरीतलं मूल थेट वाहत्या रस्त्यात उतरतं.

या गर्दीतल्या कुणालाही विचारा, घर जवळ आहे तर मूल चालत का नाही येत? उत्तर ठरलेलं असतं: ‘अहो, रस्त्यावर गाड्या किती!’ ही भीती खरी आहे. तिला नावं ठेवण्यात काहीच अर्थ नाही. पण त्या वेळी त्या रस्त्यावर असलेल्या गाड्यांपैकी बऱ्याचशा मुलं पोचवायला आणि न्यायलाच आलेल्या असतात. भीतीपोटी एक गाडी निघते, तिला बघून शेजारचे दुसरी काढतात, आणि शेवटी जे एक-दोन मुलगे अजून पायी येत होते त्यांचे पालकही हात टेकतात. हे चक्र कुठून तरी तोडायचं तर ते एकट्या घराला जमत नाही. पाच-सात घरांनी मिळून मात्र नक्की जमतं, आणि त्यासाठी लागणारं सामान म्हणजे एक वेळापत्रक, एक शिट्टी आणि दोन माणसं.

आधी अंतराचं बोलू. शिक्षणहक्क कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा घरापासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असावी, असं धरलेलं आहे. म्हणजे लहान मुलानं पायी आणि थोड्या मोठ्यानं सायकलनं जावं, हे अंतराच्या हिशेबातच बसवलेलं होतं. पुढे आवडीची शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला सापडू लागली आणि तो हिशेब मोडला. ज्यांची शाळा ८ किलोमीटरवर आहे त्यांना बस किंवा व्हॅन लागणारच. पण जवळ राहणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, आणि गंमत नव्हे, काळजीची गोष्ट ही की तीही गाडीवरूनच येतात.

१ किलोमीटरसाठी गाडी काढली की ती १ किलोमीटर चालत नाही. सकाळी सोडायला जाऊन परत, पुन्हा आणायला जाऊन परत, असे रोजचे ४ होतात. शाळेचे कामाचे दिवस वर्षाला किमान २०० धरले तर ८०० किलोमीटर. लिटरला ४५ देणारी स्कूटर यात जवळजवळ १८ लिटर पेट्रोल पिते. शहरात लिटरला १२ देणारी मोटार ६६-६७ लिटर. लिटरमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे स्कूटरचे ४० किलो आणि मोटारीचे दीडशे किलो, एका मुलामागे, एका वर्षात, एवढ्याशा अंतरासाठी. शिवाय थंड इंजिन पहिली काही मिनिटं नेहमीपेक्षा घाण धूर सोडतं, कारण धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही. पाच मिनिटांच्या फेरीत तो जेमतेम तापतो तोवर शाळा येते. आणि सायलेन्सरच्या तोंडांना मोठ्या माणसापेक्षा पहिलीतल्या मुलाचं नाक कितीतरी जवळ असतं.

आता रस्ता मुलाच्या उंचीवरून बघायचा. सात वर्षांचं मूल सव्वा मीटरच्या आसपास असतं, डोळे त्याहून थोडे खाली. रस्त्याकडेला लावलेल्या दोन मोठ्या मोटारींच्या फटीत मोठ्या माणसानं उकिडवं बसून बघावं. बॉनेटची कड डोळ्यांच्या रेषेत येते. पलीकडचा रस्ता दिसतच नाही. दिसतो तो टायर, दिव्याची काच आणि वर आभाळाचा तुकडा. येणारी गाडी बघायला मुलाला त्या फटीतून पाऊलभर पुढे यावंच लागतं, आणि ते पाऊल म्हणजेच वाहता रस्ता. गाडीवाल्यालाही मूल दिसतं ते त्याच क्षणी, आधी नाही. म्हणून मुलांचा रस्ता आखताना नकाशा बघून भागत नाही. प्रत्येक ओलांडणीशी खाली बसून बघावं लागतं, तेही त्याच वेळी, म्हणजे शाळेच्या वेळी. रविवारी दुपारी रस्ता फसवतो.

वेगाचं गणितही एकदा नीट समजून घ्यावं. ताशी ५० किलोमीटरनं जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. मूल दिसलं, मेंदूला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद जातो. तेवढ्यात १४ मीटर संपले, आणि मग कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला आणखी १४. ताशी ३० ला हेच सगळं मिळून १३ मीटरच्या थोडं पुढे आटोपतं. म्हणजे ३० ची गाडी ज्या जागी थांबून उभी असते, त्या जागी ५० च्या गाडीनं ब्रेक लावायलाही सुरुवात केलेली नसते. जागतिक आरोग्य संघटना मुलं आणि गाड्या एकत्र असतात तिथे ३० ची मर्यादा सुचवते ती याचसाठी. फाटकापाशी गतिरोधक हवा तर तो रस्त्यांच्या मानकाप्रमाणे हवा: १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर, वरून पांढरे पट्टे. डांबराचा हातभर रुंद उंचवटा टाकला की स्कूटरवाले कडेच्या मोकळ्या जागेतून वळसा घालतात, आणि ती जागा म्हणजे नेमकी मुलं चालतात ती.

मग चालायचं कसं? १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड एंगविक्टनं ‘चालती बस’ ही कल्पना मांडली आणि १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या सेंट अल्बन्स गावात ती रस्त्यावर आली. बस म्हणजे नुसती मुलांची रांग. ठरलेला रस्ता, ठरलेले थांबे, ठरलेली वेळ. पुढे एक मोठं माणूस, मागे एक. जपानात याहून जुना रिवाज आहे: एका आळीतली मुलं गट करून शाळेत जातात आणि पुढे चालतं ते सहावीतलं मूल. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. वारीत हजारो माणसं रस्त्यानं जातात ती दिंडीच्या शिस्तीनं. पुढे पताका, मागे ठरलेल्या जागी टाळकरी, मृदंग, वीणेकरी, डोईवर तुळस घेतलेल्या बाया. कुणी कुठे चालायचं हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. पोरांची दिंडी यापेक्षा वेगळी नाही, फक्त अंतर एक-दीड किलोमीटर आणि मुक्काम शाळेत.

सुरुवात वर्गाच्या हजेरीपटावरून करावी. वर्गशिक्षकांना विचारून दीड किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांची घरं एका कागदी नकाशावर टिकल्या लावून दाखवावीत. टिकल्यांचा एखादा झुबका हमखास दिसतो: एखादी सोसायटी, एखादी वस्ती, बाजारामागची चाळ. तिथून रस्ता काढायचा. सर्वांत जवळचा रस्ता घ्यायचा मोह टाळावा. दोन मिनिटं जास्त लागली तरी चालतील, पण मोठे रस्ते कमी वेळा ओलांडावे लागले पाहिजेत, आणि जिथे ओलांडायचं तिथे सिग्नल, वॉर्डन किंवा निदान दुभाजकात उभं राहण्यापुरती जागा हवी. मार्च-एप्रिलमध्ये उपयोगी पडावी म्हणून सावलीची बाजू आत्ताच लिहून ठेवावी. वाटेतला फुटपाथही मापून घ्यावा. मानकाप्रमाणे चालायला मोकळी जागा १.८ मीटर आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपर्यंत हवी. प्रत्यक्षात मध्येच विजेची डीपी, फळांची गाडी, दुकानाची पायरी येते आणि मुलं खाली उतरतात. ती उतरण्याची जागा कुठली हे पुढच्या माणसाला तोंडपाठ असावं लागतं.

वेळ असा बांधावा. सहा-सात वर्षांची मुलं दप्तरासकट गटानं चालताना ताशी ३ किलोमीटरच्या पुढे जात नाहीत. १.२ किलोमीटरला २४ मिनिटं. चार थांबे, प्रत्येकी एक मिनिट. दोन मोठ्या ओलांडण्या, प्रत्येकी दोन मिनिटं. झाली ३२ मिनिटं. शाळा ९ ला भरत असेल आणि ८:५० ला आत जायचं असेल तर पहिला थांबा ८:१५ ला सुटला पाहिजे. चौथीपर्यंतचे वर्ग ९ च्या आधी भरवू नयेत असा निर्णय राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून तो योग्यच होता. मात्र त्यामुळे लहानांची वेळ आणि ऑफिसची वेळ एकमेकांवर आली. ७ ला जो रस्ता मोकळा असायचा तो पावणेनऊला भरून वाहत असतो. त्यामुळे पूर्वी ज्यांना मूल एकटं पाठवायला धीर होत होता, त्यांच्यासाठीही आता गटाची गरज वाढली आहे.

तिसरी-चौथीच्या बारा ते सोळा मुलांना दोन मोठी माणसं पुरतात. पहिली-दुसरीची असतील तर चार-पाच मुलांमागे एक हवं. कमी पडलं तर मुलं कमी घ्यावीत, माणसं ताणू नयेत. दोघांपैकी एक बाई असावी, कुणीही एकट्यानं गट नेऊ नये, आणि सगळ्यांची नावं शाळेकडे लिहून दिलेली असावीत. हा अविश्वास नाही. मुलांच्या बाबतीत हाच रिवाज असला पाहिजे. दहा-बारा घरांत पाळ्या लावल्या की प्रत्येकाला आठवड्यातून एक सकाळ द्यावी लागते आणि उरलेल्या सकाळी मोकळ्या मिळतात. नोकरी करणाऱ्या आईला हे गणित फार पटकन पटतं. घरातले आजी-आजोबा तर या कामाला हक्कानं तयार होतात, फक्त त्यांना पुढची जागा द्यावी. मागच्याला धावावं लागतं.

पुढच्याला चालक म्हणा, मागच्याला वाहक. एसटीतल्यासारखं मागच्याच्या हातात यादी असते. प्रत्येक थांब्यावर आणि प्रत्येक ओलांडणीनंतर तो मुलं मोजतो, मोठ्यानं, आकडा पुढच्याला ऐकू जाईल असा. शाळेच्या फाटकाशी यादी शिक्षकांना किंवा मावशींना दाखवून मुलं सोपवायची. यादीत नाव असून जे मूल थांब्यावर आलं नाही, त्याच्या घरी तिथूनच फोन करायचा, शाळेत पोचून नाही. आणि थांबा सुटायची वेळ म्हणजे सुटायची वेळ. एका मुलासाठी दोन मिनिटं थांबलं की तिसऱ्या थांब्यावरची मुलं पाच मिनिटं रस्त्याकडेला ताटकळतात, त्यांची आई म्हणते ‘जाऊ दे, मीच सोडते’, आणि बस तिथेच मोडायला लागते. चालत्या बसा भांडणानं क्वचितच बंद पडतात. बऱ्याच अशा दोन-दोन मिनिटांनी बंद पडतात.

रस्ता ओलांडणं सर्वांत जपून शिकवावं लागतं. बहुतेक गट इथे एक चूक करतात: मुलं जशी एकामागे एक चालतात तशीच एकामागे एक रस्त्यात उतरवतात. ७ मीटरचा रस्ता मूल सात सेकंदांत पार करतं. पण एकेक मीटर अंतरानं बारा मुलांची रांग गेली तर पहिलं उतरल्यापासून शेवटचं पोचेपर्यंत अठरा सेकंद जातात, आणि अकराव्या सेकंदाला कुणीतरी स्कूटरवाला रांगेतली फट बघून मध्ये घुसतो. त्याऐवजी फुटपाथच्या कडेला सहा-सहाच्या दोन आडव्या ओळी करायच्या. चालकानं आधी उतरून, हात वर करून, येणाऱ्या गाडीवाल्याच्या डोळ्यांत बघायचं. तो खरोखर थांबला की शिट्टी. दोन्ही ओळी एकदम निघतात आणि आठ-नऊ सेकंदांत सगळे पलीकडे. ‘उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे’ हे शाळेत शिकवतात ते बरोबरच आहे, पण आपल्याकडे ते अपुरं पडतं. दुभाजकाला चिकटून उलट दिशेनं येणाऱ्या दुचाकी असतात. म्हणून दुभाजकापाशी पोचलं की दोन्हीकडे पुन्हा नव्यानं बघायचं. साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग आणि अंतर यांचा मेळ नीट घालता येत नाही. ‘एवढं मोठं झालंय, कळत नाही का?’ असं त्याला रागावून उपयोग नाही. त्याला खरंच कळत नसतं.

दप्तराकडे लक्ष दिल्याशिवाय हे टिकत नाही. वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत असावं. महाराष्ट्राचा २०१५ चा शासन निर्णय तेच सांगतो, २०२० चं केंद्राचं दप्तर धोरणही. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो. लिटरभर पाण्याची भरलेली बाटलीच सव्वा किलोची होते. शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय चांगली असेल तर बाटली अर्धी भरून द्यावी. नसेल तर पालकांनी पहिली मागणी तिची करावी. दप्तर दोन्ही खांद्यांवर आणि पट्टे आवळलेले. मोठ्या माणसानं मुलांची दप्तरं उचलून घेऊ नयेत, कारण त्याचे दोन्ही हात मोकळे हवेत.

आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यावर सुरू होते आणि त्याच सुमाराला पाऊसही. उत्साहानं जूनमध्ये चालती बस काढली की आठवडाभरात बूट भिजतात, मुलं शिंकतात आणि प्रयोग गुंडाळला जातो. सुरुवात दिवाळीच्या सुट्टीनंतर करावी. कोरडे रस्ते, थंड हवा, चार महिने हाताशी. पुढच्या पावसापर्यंत सगळ्यांना पायवाट पाठ झालेली असते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, तेव्हा सकाळी ७ ची शाळा असलेल्यांनी दप्तराला चमकणारी पट्टी शिवून घ्यावी. पावसात छत्रीपेक्षा रेनकोट बरा, छत्री पुढचं दिसू देत नाही. रेनकोटची टोपी मान वळवली तरी जागेवरच राहते आणि बाजूचं सगळं झाकते. आत साधी कापडी टोपी घातली की ती डोक्याबरोबर फिरते. काळे बूट घरी आणि पायात सँडल, बूट पिशवीत. जिथे पाणी तुंबलंय तिथून मुलं न्यायची नाहीत, पाणी घोट्याएवढं असलं तरी नाही. खाली ड्रेनेजचं झाकण जागेवर आहे की नाही ते दिसत नाही. त्या दिवशी वळसा किंवा सुट्टी, आणि तो निरोप पहिल्या थांब्याच्या तासभर आधी.

पाचवीपासून सायकल. एके काळी पुण्याला सायकलींचं शहर म्हणत; शाळांमधली सायकलस्टँडं त्याची साक्ष होती, आता अनेक ठिकाणी तिथे मोटारी लागतात. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली उभ्या राहतात, हे शाळेला आवर्जून दाखवून द्यावं. सायकल मुलाच्या मापाची घ्यावी, ‘पुढे मोठा होईल’ म्हणून मोठी नव्हे. २४ इंची चाक नऊ ते बारा वर्षांच्या मुलाला साधारण बसतं, २६ त्यापुढे. सीटवर बसून दोन्ही चवडे जमिनीला टेकले पाहिजेत आणि पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. दप्तर कॅरिअरला आवळून. हँडलला अडकवलेली पिशवी झोके खात पुढच्या चाकात जाते आणि मूल हँडलवरून पुढे फेकलं जातं. ओढणी पाठीमागे गाठ मारून आत खोचलेली. चेनकव्हर नसेल तर उजव्या पायाला पँटवर क्लिप. सोमवारी सकाळी तीन गोष्टी बघायच्या: अंगठ्यानं दाबून हवा, दोन्ही ब्रेक, चेन सैल आहे का.

ब्रेकबद्दल एक गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. स्वस्त सायकलींची रिम चकचकीत स्टीलची असते. कोरडी असताना रबर तिला बरं धरतं. एकदा सायकल उभी करून, मागचं चाक उचलून, पेडल मारून फिरतं करा, रिमवर मगभर पाणी ओता आणि ब्रेक दाबा. रबर नुसतं सरकत राहतं. चाक चार-सहा फेरे आणखी फिरतं आणि मग कुठे थांबतं. पहिल्या पावसात उतारावर मुलं पडतात ती इथे. ब्रेक बिघडलेले नसतात, रिम ओली असते. उपाय दोन: शक्य असेल तर अॅल्युमिनियमची रिम घ्यावी, आणि स्टीलचीच असेल तर मुलाला शिकवावं की थांबायच्या बऱ्याच आधी ब्रेक हलकेच दाबून धरायचा, रबरानं पाणी पुसलं जाऊ द्यायचं, मगच जोर लावायचा. शाळेच्या मैदानात पाणी टाकून हे पाच वेळा करून घेतलं की मूल ते विसरत नाही. मोठ्या रस्त्यावर उजवीकडे वळायचं असेल तर शाळकरी मुलानं वळूच नये. उतरावं, सायकल हातात धरावी, पायी ओलांडावं.

सायकलऐवजी आठवी-नववीच्या मुलाच्या हातात स्कूटरची किल्ली देणं फार वाढलं आहे, मुख्यतः क्लासच्या वेळा संध्याकाळी असतात म्हणून. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानं यात गुन्हेगार ठरतो तो पालक किंवा गाडीचा मालक: २५ हजार रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षं पूर्ण होईपर्यंत परवाना नाही. कायद्याची भीती घालायला हे लिहीत नाही. चौदा वर्षांच्या मुलाचा हात अॅक्सिलरेटरवर कसा चालतो ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आणि जे लहान मूल आपण स्कूटरवरून नेतो, त्याला पुढे फुटबोर्डवर आरसे धरून उभं करू नये. ब्रेक लागला की त्याचं कपाळ आधी हँडलवर जातं. चार वर्षांपुढच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चालकाला बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशी ४० ची मर्यादा, असा २०२२ चा केंद्राचा नियम आहे.

रिक्षावाले काका आणि व्हॅनवाले काका यांना या सगळ्यात शत्रू समजू नये. एका व्हॅनमधून आठ मुलं येतात तेव्हा आठ स्कूटरी घरी राहतात. फक्त मागच्या जादा फळीवर बसवलेली मुलं, खिडकीला नसलेले आडवे गज आणि गॅसच्या टाकीवर टाकलेली गादी, हे दिसलं तर ‘काका ओळखीचे आहेत’ म्हणून गप्प बसू नये. महाराष्ट्राच्या २०११ च्या शालेय बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत शालेय परिवहन समिती असते. मुख्याध्यापक अध्यक्ष, सोबत पालकांचे प्रतिनिधी, वाहतूक पोलीस आणि आरटीओचे अधिकारी. कितीतरी पालकांना ती आहे हेच माहीत नसतं. गतिरोधक, वॉर्डन, झेब्रा पट्टे यांची मागणी तिच्या बैठकीत, लेखी, फोटोंसकट ठेवली की ती कुणा एकाची तक्रार राहत नाही.

तिथेच मागावं असं सर्वांत मोलाचं काही असेल तर ते फाटकापुढचे शंभर मीटर. शाळा भरताना वीस मिनिटं आणि सुटताना वीस मिनिटं तेवढ्या तुकड्यात गाड्या आणायच्या नाहीत. वाहतूक शाखेची परवानगी, दोन्ही टोकांना एकेक बॅरिकेड, त्यापाशी वॉर्डन. तिथल्या रहिवाशांच्या गाड्या चालण्याच्या गतीनं सोडायच्या, रुग्णवाहिकेला कधीच अडवायचं नाही, दुकानदारांशी आठवडाभर आधी बोलून मालाचा टेंपो दुसऱ्या वेळी मागवायचा. इटलीतल्या बोल्झानो शहरात १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून शाळांपुढचे रस्ते असे बंद होत आले आहेत. यात फसतं ते एका ठिकाणी: सोडण्याची जागा एकच ठरवली की सगळी कोंडी उचलून पुढच्या चौकात जाते आणि चौकातले लोक विरोधात उभे राहतात. तीन वेगवेगळ्या दिशांना, दीडशे-दोनशे मीटरवर, तीन थांबे ठरवावेत. मंदिराचं पटांगण, मंगल कार्यालयाची सकाळी रिकामी असणारी पार्किंगची जागा, बागेचं दार. तिथून लांबून आलेली मुलंही शेवटचा तुकडा चालत येतात.

गावाकडचा प्रश्न वेगळा आहे आणि शहरी उपाय तिथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. वस्तीवरची शाळा पट कमी म्हणून बंद झाली की पोरांचं अंतर एकदम वाढतं. मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या १२५ तालुक्यांत निळ्या बसा आहेत, सायकली आहेत, आणि या तिन्हींनी कितीतरी मुलींची शाळा टिकवली आहे. रस्त्याला फुटपाथ नसतो तिथे मुलांनी उजव्या कडेनं, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, एकामागे एक चालावं. पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याचा हंगाम सुरू झाला की मात्र आणखी एक गोष्ट रोज सांगावी लागते. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर सावकाश जातो, शाळा सुटलेली पोरं मागून धावत जाऊन कांडी ओढतात. मोळीचा दोर सैल झालेला असतो, ऊस अंगावर येतो किंवा पोर दोन ट्रॉल्यांच्या मध्ये जातं. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात शाळेनंच कारखान्याकडून भारा मागवून मैदानात मुलांना पोटभर ऊस खाऊ घालावा, आणि तिथेच रिकाम्या ट्रॉलीजवळ उभं करून मधला दांडा दाखवावा.

चौथीचं वर्ष अर्धं झालं की चालत्या बसची रचना हळूहळू बदलायची. आधी पुढची जागा चौथीतल्या दोघांना द्यायची, चालक त्यांच्या मागे. महिन्यानं ओलांडायची वेळ त्यांनी ठरवायची. मोठ्यानं फक्त चुकत असेल तर थांबवायचं. मग मोठं माणूस वीस पावलं मागे. वार्षिक परीक्षेच्या सुमाराला ते शेवटच्या मोठ्या चौकापर्यंतच येतं आणि पुढचे दोनशे मीटर मुलं आपली आपण जातात. त्या चौकात उभं राहून बघणाऱ्यानं एवढंच सांभाळायचं: डबा राहिला असो, स्वेटर राहिला असो, मूल रस्त्यात असताना मागून हाक मारायची नाही. हाक आली की मूल जिथे असेल तिथे थांबतं आणि वळून बघतं.